कुणकेश्वरला निघण्यापूर्वी तिथी पाहावी

कोल्हापुरातून समुद्रावर जायचे ठरले की आपण रविवार पाहतो. कुणकेश्वरला जायचे असेल तर मात्र तिथी पाहावी. देवगड तालुक्यातील हा किनारा मला सर्वांत प्रिय आहे तो ओहोटीमुळे. देवळाजवळच्या खडकांवरून पाणी उतरले की त्यांवरील शिवलिंगे उघडी पडतात, आणि ऐन भरतीला पोहोचणाऱ्याला त्यांचे दर्शन घडत नाही.

वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तीत सुमारे सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची. अष्टमीला भरती ६ वाजता, म्हणून ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास येते. पण त्या दिवसांत भांगाची भरती-ओहोटी असल्याने पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा व अमावास्या १५ धरल्यास भरती सव्वाअकराला आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचला येते, शिवाय उधाणामुळे पाणी दूरवर ओसरते. म्हणून याच तिथी किंवा त्यांच्या पुढचे एक-दोन दिवस निवडावेत. महाशिवरात्रीची यात्राही अमावास्येच्या तोंडावरच येते, परंतु तेव्हा गर्दी फार असते.

गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे या मार्गाने दुपारी चारपर्यंत पोहोचावे. प्रथम ओल्या वाळूवर अनवाणी चालावे आणि मध्येच खाली बसून नीट पाहावे. लहानशा बिळातून खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेऊन तीतले अन्न तेवढे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी मागे टाकतो. थोड्याच वेळात बिळापासून चहूकडे अशा गोळ्यांच्या रांगा तयार होतात. पाऊल जपून टाकावे, कारण तुमची सावली पडताच तो बिळात शिरतो.

शिवलिंगांकडे जाताना शेवाळलेल्या खडकांवर पाय घसरतो, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये आणि पाणी परत चढू लागताच माघारी फिरावे. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये. पौर्णिमेला आणखी थोडे थांबावे: समोर सूर्य बुडतो आणि त्याच सुमारास पाठीमागून, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बाजूने, चंद्र वर येतो. रात्री घाट चढण्यापेक्षा तिथेच मुक्काम करावा; पहाटे सहाच्या सुमारास पुन्हा ओहोटी असते आणि तेव्हा किनाऱ्यावर माणसे फार थोडी असतात.