पॉपॉची जोडी निवडताना
अमेरिकेत राहत असाल आणि अंगणात जागा असेल, तर सीताफळाच्या कुळातला पॉपॉ जरूर लावा. मात्र एकाच जातीची दोन कलमे नकोत. फळधारणेसाठी परागकण वेगळ्या जातीचे लागतात. माझी पसंती ‘शेनान्डोआ’ आणि ‘सस्क्वेहाना’ या जोडीला. शेनान्डोआचा गर मऊ, गोडी सौम्य, बिया कमी. पहिल्यांदा चाखणाऱ्याला हेच द्यावे. सस्क्वेहाना फार गोड, गरही घट्ट. मोठ्या फळांची हौस असेल तर ‘पोटोमॅक’. काढणीच्या वेळी सालीच्या रंगावर जाऊ नका, बरीच फळे हिरवीच पिकतात. हलके दाबून आणि वास घेऊन पारखा. पिकलेले फळ फ्रीजबाहेर जेमतेम २-३ दिवस टिकते. साल आणि बिया मुळीच खाऊ नयेत.