१८२८ सालच्या न्यू साउथ वेल्सच्या खानेसुमारीतील नोंद कशी वाचावी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीची पहिली खानेसुमारी नोव्हेंबर १८२८ मध्ये, गव्हर्नर राल्फ डार्लिंग यांच्या कारकिर्दीत झाली. तिच्यात नुसत्या बेरजा नसून माणसांची नावनिशीवार नोंद आहे आणि ती आजवर टिकून राहिली आहे, म्हणून अभ्यासकांना तिचे मोल मोठे वाटते. १८८१ च्या खानेसुमारीचे कागद पुढच्याच वर्षी सिडनीतील गार्डन पॅलेसच्या आगीत जळाले, हे लक्षात घेतले म्हणजे हे मोल अधिकच पटते. प्रत्येक माणसाच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आलेली आहे; पण ती नीट वाचली, तर एका आयुष्याचा बराचसा आराखडा हाती लागतो.

वाचायला बसण्यापूर्वी ही मोजणी कोणी आणि कशासाठी केली हे पक्के करून घ्यावे. १७८८ पासून वसाहतीत हजेरी घेण्याची पद्धत होती. ठरलेल्या ठिकाणी लोकांना बोलावून त्यांची नावे टिपून घेत. शिक्षा म्हणून ब्रिटन-आयर्लंडहून जहाजाने इथे पाठवलेल्या कैद्यांना हजर राहणे भागच होते, परंतु स्वतंत्र माणसांवर अशी सक्ती कायद्याने करता येते काय, याविषयी शंका निघाली, तेव्हा विधान परिषदेने १८२८ मध्ये खानेसुमारीचा स्वतंत्र कायदा केला. रहिवाशांची संख्या, नावे आणि दर्जा यांबरोबरच जनावरे, ताब्यातील जमीन, साफ केलेली जमीन आणि लागवडीखालची जमीन यांचीही मोजदाद त्यात सांगितली होती. त्यामुळे या वह्यांत माणसे आणि मालमत्ता एकाच ओळीत आढळतात. ज्यांच्या भूमीवर ही वसाहत उभी राहिली त्या आदिवासींना मात्र या मोजणीत धरलेलेच नाही. म्हणून ३६,५९८ हा एकूण आकडा त्या प्रदेशाची लोकसंख्या म्हणून कधीही वापरू नये. तसेच व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, १८२५ मध्येच वेगळे झाले होते, तेव्हा तिथला माणूस या यादीत शोधण्यात वेळ घालवू नये.

ओळीत आधी दर्जाचा रकाना पाहावा. तिथे संक्षिप्त अक्षरे असतात: ‘बी. सी.’ म्हणजे वसाहतीत जन्मलेला, ‘सी. एफ.’ म्हणजे स्वतंत्र माणूस म्हणून आलेला, ‘एफ. एस.’ म्हणजे शिक्षा पुरी भोगून सुटलेला, ‘ए. पी.’ आणि ‘सी. पी.’ म्हणजे अनुक्रमे पूर्ण आणि सशर्त माफी मिळालेला, ‘टी. एल.’ म्हणजे शिक्षा चालू असतानाच स्वतःसाठी काम करण्याचा परवाना मिळालेला. ‘जी. एस.’चा शब्दशः अर्थ सरकारी नोकर असा होतो, पण त्यावरून कोणी पगारी कारकून डोळ्यांपुढे आणू नये. तो शिक्षा भोगत असलेला कैदी असतो आणि पुष्कळदा एखाद्या खासगी मालकाकडे कामाला दिलेला असतो. एकूण मोजलेल्यांपैकी २०,८७० स्वतंत्र आणि १५,७२८ कैदी होते, पण त्या स्वतंत्रांतही एके काळचे कैदी पुष्कळ आहेत.

यानंतर दर्जा, जहाज, आगमनाचे वर्ष आणि शिक्षेची मुदत यांचा एकमेकांशी मेळ घालावा. माझ्या मते सगळ्या वाचनाचा गाभा इथेच आहे. शिक्षा साधारणतः ७ वर्षे, १४ वर्षे किंवा जन्मठेप अशी असे आणि ती वसाहतीत पाऊल ठेवल्यापासून नव्हे, तर ठोठावल्यापासून मोजली जाई. म्हणून १८१९ मध्ये ७ वर्षांच्या शिक्षेवर आलेला माणूस १८२८ मध्येही ‘जी. एस.’ दिसला, तर त्याला वसाहतीत दुसरी शिक्षा झाली असावी, असा तर्क करून न्यायालयाचे कागद तपासावेत. याउलट जन्मठेपेसमोर ‘एफ. एस.’ आढळले, तर कुठेतरी चूक आहे असे धरावे, कारण जन्मठेपेच्या कैद्याला माफीशिवाय सुटका नव्हती. जहाजाचे नाव वर्षाशिवाय टिपू नये. ‘रॉयल ॲडमिरल’ १७९२ मध्ये आले तसेच १८०० मध्येही आले, आणि ‘सरी’ने तर कैद्यांच्या कितीतरी खेपा केल्या.

तरीही हे रकाने बहुधा माणसाने स्वतः सांगितलेल्या माहितीवरून भरले आहेत, हे विसरू नये. सिडनीतील धनाढ्य व्यापारी मेरी रायबी यांचे उदाहरण बोलके आहे. घोडा चोरल्याबद्दल ७ वर्षांची शिक्षा होऊन त्या १७९२ मध्ये याच ‘रॉयल ॲडमिरल’मधून आल्या होत्या. पुढे १८२० मध्ये त्या इंग्लंडला जाऊन आल्या, आणि १८२८ मध्ये आपण ‘१८२१ मध्ये स्वतंत्र आलो’ असे त्यांनी नोंदवले. यात खोटे असे काहीच नाही. पण फक्त ही ओळ वाचणाऱ्याला त्यांचा भूतकाळ कधीच कळणार नाही.

कुटुंब जुळवताना खरी मेहनत पडते. यादी आडनावांच्या अक्षरक्रमाने असल्यामुळे एका घरातली माणसे वहीभर विखुरलेली असतात. त्यासाठी ‘कोणाकडे’ आणि ‘राहण्याचे ठिकाण’ हे दोन रकाने धरून एकाच मालकाच्या नावाखालची सर्व माणसे वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत. मग शेतमालक, त्याची मुले, मेंढपाळ, लोहार, मोलकरीण असे सगळे घर समोर उभे राहते. नवरा बायकोकडे ‘कामाला दिलेला’ दिसला, तर गोंधळून जाऊ नये. स्वतंत्र बायकोकडे कैदी नवरा रीतसर सोपवला जात असे. २७,६११ पुरुषांना ८,९८७ स्त्रिया असे प्रमाण असल्याने एकट्या पुरुषांच्या नोंदी फार आढळतात, त्यांचे कुटुंब शोधत बसू नये.

वय अंदाजे समजावे. आडनाव ऐकू आले तसे लिहिले गेले आहे, विशेषतः आयरिश आडनाव. म्हणून उच्चाराने जवळची सर्व रूपे शोधावीत. धर्माच्या रकान्यात २५,२४८ प्रोटेस्टंट आणि ११,२३६ कॅथलिक आहेत, आणि आयरिश मूळ ओळखायला कॅथलिक ही नोंद मदत करते, मात्र ती एकटीच पुरावा ठरत नाही. जमिनीचे आकडे एकरांत आहेत. एकूण जमीन मोठी आणि साफ केलेली थोडी, असे अंतर दिसले, तर ते ताबा नुकताच मिळाल्याचे लक्षण असू शकते.

शेवटी पडताळणी करावी. कैद्यासाठी जहाजावरील कैद्यांची यादी, १८२२ आणि १८२५ च्या हजेऱ्या आणि सुटकेची प्रमाणपत्रे लावून पाहावीत. खानेसुमारीची एक प्रत लंडनला क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि एक न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागारात आहे. दोन्ही हाताने उतरवलेल्या असल्यामुळे, एका प्रतीत नाव सापडले नाही किंवा वर्ष जुळले नाही, तर दुसरी प्रत पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.