हॉट टब घेताय? आधी वाट मोजा

टब कुठला घ्यायचा यावर लोक महिनोन्महिने खल करतात आणि तो आत कसा न्यायचा हा प्रश्न पडतो गाडी दारात उभी राहिल्यावर. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. टब फाटकापर्यंत आला आणि तिथेच अडला. म्हणून माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या.

पाच जणांचा टब साधारण 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर उंच असतो. तो कुशीवर उभा करून ट्रॉलीवरून आणतात. म्हणजे रस्त्यापासून टबाच्या जागेपर्यंत वाट निदान 1.1 मीटर रुंद हवी, आणि ट्रॉलीची उंची धरून वर 2.2 मीटर मोकळं हवं. फाटक नुसतं खांबापासून खांबापर्यंत मोजू नका, दार पूर्ण उघडून मोजा. उघडलेलं दार बिजागरीपाशी पाच-सहा सेंटिमीटर खातं, कडीचा दांडा आणखी थोडे खातो, आणि टब अडतो तो नेमका तेवढ्यासाठी. मग भिंतीतून पुढे आलेला एसीचा डबा, पाण्याचा मीटर, गच्चीवरून उतरणारा पाइप, डोक्यावरचा छज्जा. एकेक बघा, लिहून काढा. काटकोनी वळण असेल तर 1.1 मीटर मुळीच पुरत नाही, वळणाच्या दोन्ही बाजूंना 1.4 मीटर लागते. हिशेब पटत नसेल तर 2 मीटर बाय 90 सेंटिमीटरचा पुठ्ठा कापा आणि जमिनीवरून सरकवत जागेपर्यंत न्या. जिथे पुठ्ठा भिंतीला घासेल तिथे टब अडकणार. पायऱ्या असतील किंवा वाटच नसेल तर क्रेन लागेल. क्रेन उभी कुठे राहणार आणि वरून विजेच्या तारा जातात का, हे पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नाही.

जमीन. रिकामा टब 300-350 किलो, पाणी 1200 लिटर म्हणजे 1200 किलो, वर पाच माणसं. सगळं मिळून जवळपास 1900 किलो, आणि तेही 4 चौरस मीटरवर. चौरस मीटरला पावणेपाचशे किलो झाले. राहत्या घराचा मजला बहुधा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार धरून बांधलेला असतो. त्यामुळे गच्ची किंवा बाल्कनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘मजबूत आहे हो’ असं बांधकामवाला म्हणाला, एवढ्यावर भागत नाही. जमिनीवर ठेवणार असाल तर सळ्या घातलेला, अगदी समपातळीतला काँक्रीटचा ओटा करून घ्या. नुसत्या फरशा खचतात, टब तिरका होतो आणि कवचावर ताण येतो. पंपाच्या बाजूला माणूस बसून काम करू शकेल इतकी जागा सोडा. भिंतीला चिकटवलेला टब दुरुस्तीसाठी पाणी काढून ओढावा लागतो.

वीज. टबासाठी स्वतंत्र लाइन, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग, आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच. इथे काटकसर करायची नाही. 1200 लिटर पाणी 20 अंशांवरून 38 अंशांवर न्यायला साधारण 25 युनिट वीज जाते आणि 3 किलोवॅटच्या हीटरला आठ तासांहून जास्त लागतात. म्हणजे टब रोज गार करून पुन्हा तापवायची वस्तू नाही, तापलेला टिकवायची आहे. उष्णता सगळ्यात जास्त जाते ती पाण्याच्या पृष्ठभागावरून, वाफेबरोबर. म्हणून झाकण जाड, कडेला घट्ट बसणारं आणि कुलूप लागणारं हवं. घरात मूल असेल तर कुलुपाला पर्याय नाही. झाकण उघडल्यावर मागे त्यालाही जागा लागते, तीही मोजा. आणि मोजपट्टी हातात आहेच तर फाटक पुन्हा मोजा.

आता टब. जेट, म्हणजे पाण्याचे झोत सोडणारी तोंडं, किती आहेत यावर जाऊ नका. पंप तोच राहिला तर जेट वाढले की प्रत्येकाचा जोर कमी होतो. दुकानात कोरड्या टबात बसून काही कळत नाही. पाणी भरलेल्या, चालू टबात बसू द्या म्हणा. आडवं पडायची सीट चित्रात छान दिसते, पण पाण्यात शरीर तरंगतं आणि उंची जुळली नाही तर माणूस तिथून सारखा वर येतो. घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला सोबत न्या. आवडलेल्या टबाची उंची लिहून घ्या. तुमची वाट 1.05 मीटर असेल आणि टब 1 मीटर उंचीचा असेल तर तो टब तुमचा नाही, कितीही आवडला तरी.

पाण्याची निगा हा शेवटी बघायचा विषय समजू नका. जंतू मारायला क्लोरीन निदान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3) किंवा ब्रोमीन निदान 4, पीएच (पाण्याची आम्लता) 7.0 ते 7.8, आणि ते पाण्यात बुडवायच्या चाचणीपट्टीने तपासायचं, अंदाजाने नाही. 1999 साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्सपेलच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या टबातून लिजिओनेला हा फुप्फुसांना ग्रासणारा जीवाणू पसरला. टबात न उतरता नुसते बाजूने गेलेले लोक आजारी पडले आणि 30हून जास्त माणसं दगावली. कोमट पाणी आणि हवेत उडणारे तुषार, एवढं त्याला पुरतं.

बाकीचं भराभर. पाणी तीन-चार महिन्यांनी बदलायचं, ते ओतणार कुठे ते आधी ठरवा, क्लोरीनचं पाणी झाडांना नको. वॉरंटीत कवच, पंप, हीटर वेगवेगळे धरलेत का ते वाचा. ‘घरपोच’ म्हणजे फाटकापर्यंत की ओट्यापर्यंत, हे लेखी घ्या. गाडी निघायच्या आदल्या दिवशी वाट पुन्हा मोजा, मधल्या काळात कोणी कुंड्या ठेवलेल्या असतात. तापमान 40 अंशांच्या वर नाही. गरोदर बाई किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन उतरायचं नाही. लांब केस बांधून. पंप टबातलं पाणी ओढून घेतो त्या तोंडावरचं जाळीचं झाकण तुटलं असेल तर टब बंद. फिल्टरचा जादा संच टबाबरोबरच मागवा, एक धुऊन वाळत असताना दुसरा लागतोच.