दिवाळी अंकाला कथा देताय? या चुका टाळा

'मानधन घेतलं, आता कथा त्यांची.' टिळक रोडवर साहित्य परिषदेच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना नवे लेखक हे अगदी सहज बोलून जातात. ते खरं नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ प्रमाणे कथेचा पहिला मालक लेखकच. (मासिकात पगारी नोकरी करत लिहिलं असेल, तर नियम थोडा वेगळा.) हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि तुमची सही लागते. वेगळं काही ठरलं नसेल, तर मानधन त्या अंकात कथा छापण्याचं.

खरा घोटाळा सहीपाशी होतो. अंक छपाईला चाललेला असतो, कार्यालयातून फोन येतो, 'संमतीपत्र सही करून व्हॉट्सअॅपवर टाका हो.' कथा स्वीकारली याच आनंदात आपण टाकतो. त्यात 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' असं असेल, तर अनुवाद, ऑडिओ, वेबसीरिज सगळं हातचं गेलं. उद्या भरत नाट्य मंदिरातल्या स्पर्धेसाठी कॉलेजची मुलं तुमच्या कथेवर एकांकिका करू म्हणाली, तरी होकार तुमच्या हातात नाही. स्वतःच्या कथासंग्रहासाठीही त्यांचीच परवानगी.

ते वाक्य खोडा आणि लिहा: 'या वर्षीच्या अंकात एकदा छापण्यास परवानगी. अन्य सर्व हक्क लेखकाकडे.' ई-आवृत्तीला हरकत नसेल तर तेही लिहा. संपादक रागावतील ही भीती बहुधा फुकटची असते. बरेचदा तो मजकूर कुणीतरी जुन्या पत्रावरून उतरवलेला असतो.

सही आधीच झालीय? पत्र शोधून काढा. हक्क दिले, पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं म्हटलं नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. ऑडिओच्या बाबतीत हे कलम फार कामाचं.

शेवट न विचारता बदलला, तर 'संपादकाचा अधिकार' म्हणून गप्प बसू नका. कथेची मोडतोड होऊन तुमच्या नावाला बाध येत असेल, तर याच कायद्याचं कलम ५७ आहे, अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा लेखकाचा विशेष हक्क. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हेच मानलं, की हक्क विकले तरी हा विशेष हक्क लेखकाकडे राहतो. दोन परिच्छेद जागेअभावी गेले म्हणून मात्र कोर्टाची भाषा नको.

प्रताधिकाराची नोंदणी सक्तीची नाही. कथा ईमेलने पाठवा, पाठवल्याची तारीख राहते. फेसबुकवर आधी टाकलेली कथा बरेच संपादक पूर्वप्रसिद्ध धरतात, तेव्हा तेवढा मोह आवरा.

कुणी कथा परस्पर संकेतस्थळावर चढवली, तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग लेखी तक्रार करा. तक्रारीनंतर मध्यस्थ संकेतस्थळाने (म्हणजे इतरांनी टाकलेला मजकूर दाखवणाऱ्या) २१ दिवस ती प्रत बंद ठेवायची असते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ती पुन्हा खुली होऊ शकते. म्हणून वकिलाला पहिल्याच आठवड्यात गाठा.