स्लोला न टिकणारी जुनी डिझेल गाडी: स्क्रूला हात लावण्याआधी

नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचं एक वर्ष पूर्ण करून गॅरेजवर उभ्या राहिलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ही तक्रार ऐकू येते: 'गाडी स्लोला टिकत नाही, रेस आपोआप खालीवर होते, मुंबई नाक्याच्या सिग्नलला दोनदा बंद पडली.' हात लगेच डिझेल पंपावरच्या स्लोच्या (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं त्या वेगाच्या) स्क्रूकडे जातो. अर्धा आटा आत घेतला की गाडी गप्प बसते, मालकही खूश होतो. पण दोष होता तिथेच राहतो, वर स्लोही बिघडलेला असतो आणि मूळ सेटिंग काय होतं हे पुढच्या माणसाला कळायला मार्ग उरत नाही. म्हणून स्क्रू सगळ्यात शेवटी.

इथलं सगळं यांत्रिक पंपाच्या गाड्यांबद्दल आहे: जुनी इंडिका, क्वालिस, सुमो, पहिल्या काळातली बोलेरो. कॉमन रेल गाडीला (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) यातल्या बऱ्याच युक्त्या चालत नाहीत, आणि एक तर जिवावर बेतू शकते. ती पुढे येईलच.

आधी कान लावा. 'रेस खालीवर' या दोन शब्दांत तीन वेगळे आजार लपलेले असतात. इंजिन श्वास घेतल्यासारखं ठरावीक ठेक्यात ९००ला चढतं, ७००ला उतरतं, पुन्हा चढतं, याला हंटिंग म्हणायचं. इथे चारही सिलिंडर बहुधा ठीक असतात. डिझेलचा पुरवठा किंवा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारा पंपाचा भाग) झुलत असतो. मिसिंगमध्ये ठेक्यातला एक ठोका गळतो. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरला तर हवा सलग न लागता अडखळत लागते. म्हणजे एक सिलिंडर आळशी आहे. तिसऱ्या प्रकारात आरपीएम जागचे हलत नाहीत, फक्त गिअरचा दांडा आणि आरसा थरथरतो. तिथे इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असतं. माउंटिंगच्या दोषासाठी पंप उतरवून बसलेली माणसं काही कमी नाहीत.

आरपीएम कानाने ठरवू नका. डिझेलला स्पार्क नसतो, त्यामुळे पेट्रोलचा क्लिपवाला टॅकोमीटर इथे निरुपयोगी. क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोने मोजा. गरम इंजिनाला साधारण ७५० ते ९०० असतात. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा.

मग मालकाला विचारा: गार असताना होतं की गरम झाल्यावर? किती वेळ चालवल्यावर? एसी लावल्यावरच का? त्याआधी कोणतं काम करून घेतलं होतं? शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. फिल्टर बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रार सुरू झाली, तर दोष नव्वद टक्के फिल्टरच्या हाऊसिंगवरच सापडतो.

हंटिंग असेल तर संशय पहिला हवेवर. रोटरी पंपाच्या बऱ्याच गाड्यांत टाकीपासून डिझेल ओढायचं काम पंपाच्या आतला व्हेन पंपच करतो, म्हणजे टाकी ते पंप ही लाईन दाबाखाली नसते, ओढीखाली असते. नवशिका नेमका इथेच फसतो. तो गळती शोधत फिरतो आणि लाईन कोरडी ठणठणीत दिसली की 'लाईन ओके' म्हणतो. ओढीच्या लाईनला भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

पारदर्शक, डिझेलला टिकणारा फूटभर पाइप फिल्टर आणि पंपाच्या मध्ये क्लिप लावून बसवा. हँड प्रायमरने एअर काढा, गाडी चालू करा आणि पाच मिनिटं बघत राहा. सुरुवातीला चार बुडबुडे गेले तर सोडून द्या. बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर हवा येतेय. आता तोच पाइप फिल्टरच्या आधी लावा. इथे माळ दिसत नाही आणि पुढे दिसते, तर दोष फिल्टरचा: दुमडलेली रबर रिंग, प्रायमरचा फाटका डायफ्रॅम, ड्रेन स्क्रूचं वॉशर. इथेही दिसली तर टाकीकडे सरका. जुन्या गाडीत टाकीवरच्या पाइपाला गंजाने सुईएवढं भोक पडतं, आणि ते टाकी निम्म्याखाली गेल्यावरच त्रास देतं. 'फुल टाकीला बरी चालते' असं मालक म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका.

खात्रीची चाचणी म्हणजे पाच लिटरचा कॅन. स्वच्छ डिझेल भरून पंपाच्या पातळीपेक्षा वर टांगा, पंपाचा इनलेट आणि रिटर्न दोन्ही पाइप त्यातच सोडा. गाडीची सगळी लाईन बाजूला पडते. हंटिंग थांबलं तर पंप निर्दोष.

जोडताना एक चूक हमखास होते. बॉशच्या व्हीई या रोटरी पंपाचे इनलेट आणि रिटर्नचे बँजो बोल्ट (ज्यांच्या पोटातून डिझेल जातं ते पोकळ बोल्ट) दिसायला सारखेच. पण रिटर्नच्या बोल्टवर 'आऊट' लिहिलेलं असतं आणि त्याच्या आत बारीक भोक असतं. पंपाच्या आतला दाब त्या भोकावरच टिकतो. बोल्टांची अदलाबदल झाली की पंप उपाशी राहतो आणि गाडी अडखळते. कॉपर वॉशर दर वेळी नवे घ्या.

अर्ध्या तासाने बिघडते आणि टाकीचं झाकण उघडताच 'फुस्स' होऊन बरी होते? झाकणाचा श्वास बुजलाय. काम दोन मिनिटांचं.

आता मिसिंग. इंजिन स्लोला ठेवून १७च्या पान्याने एकेका इंजेक्टरच्या हाय प्रेशर पाइपाचा नट अर्धा आटा ढिला करा आणि पुन्हा आवळा. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिन खाली बसतं. ज्याच्या नटाने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. चष्मा घाला, नटावर फडकं टाका आणि फवाऱ्यासमोर बोट कधीच नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीखाली शिरतं, आणि तसं झालं तर मलमपट्टी करत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं. कॉमन रेलला ही चाचणी अजिबात करायची नाही. तिथे स्लोलाच रेलमध्ये दोनशे बारच्या वर दाब असतो.

मेलेला सिलिंडर सापडला की त्याचा इंजेक्टर शेजाऱ्याशी बदलून बघा. दोष सोबत गेला तर नोझल, जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन, टॅपेट किंवा पंपाचा तो आउटलेट. इंजेक्टर काढल्यावर खालचं हीट शील्ड वॉशर नवंच टाका. नोझल टेस्टरवर इंडिकासारख्या प्री-चेंबर इंजिनाची नोझल साधारण १२० ते १५० बारला उघडते, डायरेक्ट इंजेक्शनची दोनशेच्या पुढे. आकड्याइतकाच फवारा महत्त्वाचा. टोकाला थेंब लटकत असेल तर आकडा बरोबर असूनही नोझल बाद. सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात नोझल बनतात, २००८ मध्ये मायको कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, तरी जुन्या मिस्त्रींच्या तोंडी 'मायको'च आहे. दुकानात नोझल मागताना मात्र त्यावर कोरलेला नंबर सांगा, गाडीचं नाव नाही.

डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा, सकाळी दोन मिनिटं मिसिंग आणि पांढरा धूर, मग सगळं सुरळीत, अशा गाड्या येतात. यात नोझल काढू नका. हीटर प्लगची (गार इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगची) पट्टी काढा आणि बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प एकेका प्लगच्या टोकाला लावा. लॅम्प लागला नाही तो प्लग जळालेला.

हवा नाही, सिलिंडर चारही जिवंत, तरी हंटिंग आहे, तेव्हाच पंपावर या. व्हीई पंपाच्या अ‍ॅक्सिलरेटर शाफ्टभोवती ओल दिसते का बघा. इंजिन चालू असताना पंपाच्या पोटात दाब असतो, म्हणून तिथून डिझेल झिरपतं. रात्रभर उभी राहिली की तिथूनच हवा शिरते आणि सकाळी खूप क्रँक मारावं लागतं. सील किट बेंचवरच टाकायचं, गाडीवर नाही. काही जुन्या इनलाइन पंपांना व्हॅक्युमवर चालणारा गव्हर्नर असतो. त्याचा डायफ्रॅम फाटला की स्लो झुलतो. त्याची नळी चालू इंजिनावर 'काढून बघू' म्हणाल तर पंप पूर्ण डिझेल सोडेल आणि इंजिन सुसाट पळेल.

सगळं झाल्यावर स्लो सेट करा: इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद, केबलला एक-दोन मिलिमीटर ढील. लॉकनट सोडून पाव-पाव आटा. सील लावलेल्या फ्युएलच्या स्क्रूकडे बघायचंही नाही. तो हलला की काळा धूर आणि पीयूसीला नापास. मग एसी लावा, हेडलाइट लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून धरा. एवढ्यावरही इंजिन बसलं नाही, तर लॉकनट आवळा आणि आवळल्यावर आरपीएम पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.