मोठ्या मॉडेलसाठी लेगोचे ठोकळे स्वस्तात कसे जमवावेत

एक मीटर लांब, एक मीटर उंच अशी साधी सपाट भिंत धरा. जाडी एकाच स्टडची, म्हणजे ठोकळ्यावर जे गोल बटण असतं त्या एका बटणाएवढी. १×४ चे, म्हणजे एक स्टड रुंद आणि चार स्टड लांब असे ठोकळे वापरले तर तिला सुमारे ३,२५० ठोकळे लागतात. किल्ल्याच्या अशा चार भिंती झाल्या की आकडा १३,००० वर जातो, आणि अजून बुरूज नाही, दरवाजा नाही, छप्पर नाही.

हा आकडा पाहून बहुतेक जण स्वस्त विक्रेता शोधायला निघतात. माझ्या मते ती तिसरी-चौथी पायरी आहे. खरी बचत खरेदीच्या आधी, कागदावर किंवा पडद्यावर होते.

आधी मोजा

तीन मापं पाठ करून टाका. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, वरचा स्टड सोडून ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, प्लेटची, म्हणजे चपट्या ठोकळ्याची, ३.२ मिलिमीटर. म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. एवढ्यावर कोणत्याही मॉडेलचा ढोबळ अंदाज पाच मिनिटांत निघतो.

मग मॉडेल संगणकावर बांधा. लेगोचे सुटे पार्ट जिथे विकले जातात त्या ब्रिकलिंक या साइटचं ‘स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एखादा पार्ट एखाद्या रंगात कधी निघालाच नसेल, तर तेही त्यात तपासता येतं. शेवटी पार्टचा नंबर, रंग आणि नग अशी यादी हातात येते. ही यादी तयार होईपर्यंत एकही ठोकळा विकत घेऊ नका. ‘लागतीलच की’ म्हणून घेतलेल्या ठोकळ्यांचे डबे माझ्याकडे अजून पडून आहेत.

मग आकडा कमी करा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

पहिला प्रश्न आकाराचा. मॉडेलची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर बाहेरचा पृष्ठभाग चौपट होतो आणि आतून भरीव असेल तर ठोकळे आठपट लागतात. हेच गणित उलटं फिरवा. सगळी मापं २० टक्क्यांनी कमी केली, की भिंतींचे ठोकळे जवळपास ३६ टक्क्यांनी घटतात. एवढी सूट कोणताही दुकानदार देणार नाही. आणि ८० सेंटिमीटरचा किल्ला पाहून ‘मीटरभर का नाही?’ असं कुणी विचारत नाही.

दुसरं, आतला भाग. जे दिसत नाही त्याला रंग नसतो. भिंतीच्या मागचे आधार, डोंगराचं पोट, पायाखालचा भराव या सगळ्याला लाल, पिवळा, गुलाबी काहीही चालतं. डोंगर असेल तर ड्युप्लो आठवा. लहान मुलांचे ते मोठे ठोकळे प्रत्येक बाजूने बरोबर दुप्पट असतात आणि नेहमीचे ठोकळे त्यांच्यावर बसतात. एक २×४ ड्युप्लो ठोकळा आठ साध्या २×४ ठोकळ्यांची जागा भरतो. मुलं मोठी झाली की ड्युप्लोचे डबे घराघरांतून बाहेर पडतात, तेव्हा ते मागायला लाजू नका.

तिसरं, तीन प्लेटा जिथे सहज लागल्यात तिथे एक ठोकळा बसतो का ते पाहा. संगणकावर बांधताना हात सढळ सुटतो, आणि यादीत शेकडो बारीक प्लेटा उगाच येऊन बसतात. लांब ठोकळे वापरले की नग कमी होतात, पण पैसे कमी होतीलच असं नाही. म्हणून किमतीला स्टडच्या संख्येने भागा. १×८ चा एक ठोकळा १×४ च्या दोनांपेक्षा महाग पडत असेल तर दोन घ्या. सांधे मात्र गवंडी ठेवतो तसे एकाआड एक ठेवा, नाहीतर भिंत उभी फाटते.

रंगाची भानगड

ठोकळा स्वस्त असतो, पैसे रंगाचे जातात. काळा, पांढरा, लाल, हल्लीचा राखाडी हे भरपूर निघतात. सँड ग्रीनसारखा (फिकट, राखाडी झाक असलेला हिरवा) कमी निघणारा रंग निवडला, तर तोच आकार कित्येक पटींनी महाग पडू शकतो. अशा रंगाचा हट्ट असेल तर तो दरवाज्यापुरता, पट्टीपुरता ठेवा.

राखाडीबद्दल मात्र सावध राहा. २००४ च्या सुमारास लेगोने दोन्ही राखाडी छटा आणि तपकिरी बदलले. नवा राखाडी किंचित निळसर आहे. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फरक कळत नाही. मी जुने-नवे मिसळून एक अख्खा बुरूज रात्री बांधला आणि सकाळी खिडकीच्या उजेडात तो चितळासारखा ठिपकेदार दिसला. शिवाय नावांचाही घोळ आहे. ब्रिकलिंकवर ज्याला ‘लाइट ब्लुइश ग्रे’ म्हणतात, त्याला लेगो स्वतः ‘मीडियम स्टोन ग्रे’ म्हणते. ब्रिकलिंकचा ‘टॅन’ हा लेगोचा ‘ब्रिक यलो’. ऑर्डर करताना कोणाची नावं चालू आहेत ते आधी बघा.

जुन्या मालापासून सुरुवात करा

वजनावर मिळणारा मिसळीचा जुना माल आतल्या भरावासाठी उत्तम. २×४ चा एक ठोकळा साधारण २.३ ग्रॅम भरतो, म्हणजे किलोत निव्वळ २×४ असतील तर सुमारे ४३० नग. विक्रेत्याकडे ढिगाचा पसरून काढलेला फोटो मागा. चाकं, मोठ्या बेसप्लेटा आणि भलत्याच खेळण्यांचे तुकडे वजन वाढवतात. अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक स्टडवर लेगोचं नाव उठावात असतं, ते जवळून काढलेल्या फोटोत दिसतं.

अशा ढिगात छोटी माणसं, म्हणजे मिनीफिगर, निघाली तर ती बाजूला काढून विका. संग्राहक त्यांना चांगले पैसे देतात, आणि कधीकधी त्यातच ढिगाची अर्धी किंमत सुटते.

धुताना पाणी कोमट, ४० अंशांच्या आतच ठेवा. स्टिकरवाले आणि विजेचे भाग धुऊ नका. उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवण्यापेक्षा सुती कापडावर पसरून ठेवा.

आता दुकान

दिसणाऱ्या भागासाठी नेमके पार्ट लागतात, आणि त्यासाठी ब्रिकलिंक हा सगळ्यात मोठा बाजार. २००० साली एका चाहत्याने सुरू केलेली ही साइट २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. ‘ब्रिक आउल’ हा दुसरा पर्याय. स्टुडिओतली यादी थेट ब्रिकलिंकच्या ‘वाँटेड लिस्ट’मध्ये टाकता येते. प्रत्येक पार्ट मागच्या सहा महिन्यांत कितीला विकला गेला, तेही तिथे दिसतं. तो आकडा बघितल्याशिवाय भाव मान्य करू नका.

नवखे लोक इथे एक चूक हमखास करतात. प्रत्येक पार्ट जिथे सर्वात स्वस्त, तिथून घेतात. मग बारा दुकानं, बारा पार्सलं, बारा टपालखर्च. माल दुसऱ्या देशातून येत असेल तर सीमाशुल्क वेगळं. त्यापेक्षा यादीतला सर्वात दुर्मिळ पार्ट कोणाकडे आहे ते आधी शोधा, आणि बाकीचं जमेल तेवढं त्याच दुकानातून उचला. थोडा चढा भाव दिला तरी तीन-चार दुकानांत यादी संपली तर एकूण बिल बहुधा कमी येतं. वापरलेला माल चालत असेल तर यादीत तसं नोंदवा. भिंतीच्या ठोकळ्याला एखादा ओरखडा असला तर दोन हातांवरून कुणाला दिसत नाही.

लेगोची स्वतःची ‘पिक अ ब्रिक’ सेवाही तपासा. रोजच्या वापराचे पार्ट कधीकधी तिथेच स्वस्त असतात. लेगोच्या दुकानात कप भरून घेण्याची सोय असेल, तर ठोकळे ओतू नका, रचा. २×४ एकमेकांत बसवून उभे मनोरे करायचे आणि फटींत १×१ सोडायचे. रांगेतले लोक बघत राहतात, बघू द्या.

नवीन सेट फोडून पार्ट काढणं तेव्हाच परवडतं, जेव्हा तुमचा रंग आणि आकार त्यात ढिगाने असतो. ‘रीब्रिकेबल’ या साइटवर कोणत्या सेटमध्ये कोणता पार्ट किती आहे ते कळतं. दर नगामागच्या किमतीला भुलू नका, कारण दोन हजार नगांच्या सेटमध्ये बरेचसे नखाएवढे तुकडे असतात.

दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे

लेगोच्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली, आणि ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क मिळणार नाही असं युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. त्यामुळे जुळणारे साधे ठोकळे बनवणं-विकणं यात काही गैर नाही. दर्जा मात्र कंपनीगणिक बदलतो. आधी वीस-तीस नग मागवा. दहा ठोकळे एकावर एक रचून पट्टीने मोजा, सगळ्यात वरचे स्टड सोडून ९६ मिलिमीटर भरायला हवेत. मध्ये दोन अस्सल ठोकळे घालून ओढून बघा, सैल सुटतात का. रंग उजेडात अस्सलशेजारी धरा. आणि पास झाले तर लागतील तेवढे एकाच खेपेत घ्या, पुढच्या खेपेचा रंग तोच असेल याचा भरवसा नाही. मॉडेल प्रदर्शनात मांडायचं असेल तर नियम आधी विचारा, चाहत्यांच्या अनेक प्रदर्शनांत फक्त अस्सल लेगो चालतं.

माल आल्यावर

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. आधी एका कोपऱ्यापुरतं घेऊन बांधा. संगणकात गुरुत्वाकर्षण नसतं, त्यामुळे तिथे ताठ उभा राहिलेला बुरूज टेबलावर डुलतो आणि यादी बदलावी लागते. पुढच्या खेपांत शंभराला पाच नग जास्त धरा. पार्सल आलं की एक-एक मोजत बसू नका. शंभर नगांचं वजन करा आणि बाकीचं काट्यावर मोजा. कमी भरलं तर विक्रेत्याला त्याच दिवशी कळवा, पाकीट फोडून पसरण्याआधी.