फोर्थला बॅकयार्डात पार्टी करताय? मग आधी स्वयंपाकघराला कुलूप लावा

४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, म्हणजे इथल्या बोलण्यात 'फोर्थ'. जून उजाडला की आमच्या न्यू जर्सीत नवीन आलेल्यांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन ठरलेला, "ताई, पहिलंच घर घेतलंय, मागे बॅकयार्ड आहे, फोर्थला तीसेक माणसं बोलवतोय, पावभाजी ठेवू की मिसळ?" माझं उत्तर दरवर्षी तेच. दोन्ही नको. त्या दिवशी घरातला गॅस पेटवायचाच नाही, सगळं बाहेर ग्रिलवर.

हे मी पोळून निघाल्यावर सांगतेय. आमच्या पहिल्या पार्टीला मी आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत भाज्या चिरत होते. पावभाजी, मसालेभात, कोथिंबीर वडी, गुलाबजाम आणि पोरांसाठी वेगळा पास्ता. निमंत्रणात चार ते नऊ लिहिलेलं, पण आपल्यात चार म्हणजे साडेपाच हे धरूनच चालायचं ना, म्हणून पावणेचारला मी गाऊनवर, डोक्याला मेंदी थापून, कांदा परतत होते. चारच्या ठोक्याला बेल. शेजारचे अमेरिकन आजी-आजोबा, त्यांच्या हातात ब्लूबेरी पाय आणि बर्फाची भलीमोठी पिशवी. बिचारे रिकाम्या लॉनवर दोन खुर्च्यांवर बसून राहिले, नवरा त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून मारून थकला, आपलं पहिलं कुटुंब उगवलं पावणेसहाला. आणि मी बाहेर आले ती थेट नऊला, अंगाला फोडणीचा वास घेऊन. त्या दिवसाच्या एकाही फोटोत मी नाहीये.

तर वेळेचं आधी. अमेरिकन शेजाऱ्यांना आणि ऑफिसातल्या लोकांना बोलवणार असाल (बोलवाच, फक्त मराठी पाच घरं बोलवायची तर तो हळदीकुंकवाचाच कार्यक्रम झाला) तर ते दिलेल्या वेळेलाच येतात आणि "काय आणू?" असं खरोखर विचारायला विचारतात. "अहो काही नको, तुम्ही फक्त या" असं म्हणू नका. इथे काहीतरी आणणं हा मान आहे, सांगितलं नाही तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. एकाला कलिंगड सांगा, एकाला बर्फ, एकाला पोटॅटो सॅलड, आपल्यातल्या एका वहिनींना कोकम सरबत. बर्फ कमी पडतोच, दोन पिशव्या जास्तीच्या सांगा.

आता ग्रिल. गॅसचं घ्या की कोळशाचं यावर नवरे मंडळी महिनाभर व्हिडिओ बघतात, माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गॅसचं बरं, कोळसा तापायलाच अर्धा-पाऊण तास जातो आणि पाहुण्यांसमोर पुठ्ठ्याने वारा घालत बसायची वेळ येते. नेहमीचा टँक २० पौंडांचा असतो, रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, दुकानाबाहेर पिंजऱ्यात ठेवलेले असतात. किती गॅस उरलाय ते बघायची सोपी युक्ती म्हणजे टँकच्या बाजूवर तांब्याभर गरम पाणी ओतायचं आणि वरून खाली हात फिरवायचा, जिथून गार लागतं तिथपर्यंत गॅस आहे. नळी जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गळतंय. ग्रिल घरापासून निदान १० फूट लांब ठेवा. इथली घरं लाकडाची, बाहेरून प्लास्टिकची साइडिंग (भिंतीवरचं आवरण), भिंतीला खेटून ठेवलं तर ती मेणासारखी वितळते, आमच्या ओळखीत दोन घरांना तशा लाटा आल्यात. आणि ज्यांचं अजून अपार्टमेंट आहे त्यांनी बाल्कनीत ग्रिल लावायच्या आधी लीज वाचा, बहुतेक ठिकाणी चालत नाही. त्यापेक्षा कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पार्कात जा, तिथे टेबलं आणि ग्रिल बसवलेले असतात, फक्त बऱ्याच पार्कात जागा आधी बुक करावी लागते आणि फोर्थची जागा लवकर संपते.

ग्रिलवर काय, तर आपलं सगळं चालतं हो! मक्याची कणसं, वरून लिंबू-मीठ-तिखट, हे तर इथल्या लोकांनाही वेड लावतं, ते बटर लावून खातात, लिंबाची फोड तिखटात बुडवून घासायची कल्पना त्यांना माहीतच नसते. पनीर आणि ढोबळी मिरची काड्यांवर, पण बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवा नाहीतर काडीच पेटते. आणि वांगं. मोठं जांभळं वांगं, तेलाचा हात फिरवून, टोचे मारून थेट जाळावर. साल काळीठिक्कर पडून आतला गर लिबलिबीत झाला की तिथेच डेकवर सोलायचं, कांदा, दाणे, हिरवी मिरची, दही. फोडणी नको. दुसऱ्या वर्षी मी ते केलं तेव्हा शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या की ही बाई जळकं वांगं फेकून का देत नाहीये, आणि मग दोनदा वाढून घेतलं.

शाकाहारींसाठी ग्रिलची एक बाजू फॉइल टाकून वेगळी राखा, चिमटाही वेगळा, आणि ते येणाऱ्यांना तोंडाने सांगा, कारण लोक विचारत नाहीत, गुपचूप चिप्स खाऊन घरी जातात. दुकानातून आणलेल्या बेक्ड बीन्समध्ये बरेचदा पोर्क असतं, मार्शमेलोत जिलेटीन असतं, हॉट डॉग बीफचे की पोर्कचे की चिकनचे हे पाकिटावर बघायचं. आम्ही पहिल्या वर्षी सासूबाईंना मार्शमेलो खिलवले, "छान आहे गं, बत्ताशासारखं", आजतागायत त्यांना सांगितलेलं नाही. चिकन आतून १६५ फॅरनहाइटला पोचलं पाहिजे, दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या, रंगावर जाऊ नका. आणि दह्या-मेयोनेजचं काही उन्हात दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर गेला असेल तर एकच तास. आपल्याला सवय असते झाकून ठेवलं की झालं, इथे कूलरमध्ये ठेवा.

गोडाला इथले लोक स्ट्रॉबेरी-ब्लूबेरीचा झेंड्याचा केक करतात. मी श्रीखंड करते. केशर-वेलची काही घालायचं नाही, पांढरंच ठेवायचं, मोठ्या ट्रेमध्ये पसरून डाव्या कोपऱ्यात ब्लूबेरी आणि बाकी स्ट्रॉबेरीचे पट्टे. खऱ्या झेंड्यासारखे पट्टे तेरा करायला जाऊ नका, ट्रेमध्ये सात बसले तरी खूप. २०२५ ला आषाढी एकादशी ६ जुलैला, म्हणजे त्याच लाँग वीकेंडच्या रविवारी आली होती आणि बऱ्याच जणींनी पार्टी रविवारी ठेवून स्वतः बटाट्याचे वेफर्स खाल्ले, तेव्हा तारीख ठरवायच्या आधी कालनिर्णय बघा. यंदा, २०२६ ला, ४ जुलै शनिवारी येतोय, सरकारी सुट्टी शुक्रवारी ३ तारखेला, आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत, तेव्हा गर्दी आणि उत्साह दोन्ही जास्त असणार.

झेंड्याबद्दल नवीन लोक फार बिचकतात, "आपण एच-वन व्हिसावर नोकरीला आलेलो, आपण कसा लावायचा?" लावा की, कुणी व्हिसा विचारत नाही. भिंतीवर लावलात तर ताऱ्यांचा निळा चौकोन समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे, वरच्या बाजूला. जमिनीला टेकू द्यायचा नाही, टेबलक्लॉथ म्हणून अंथरायचा नाही. गंमत म्हणजे त्यांच्या फ्लॅग कोडमध्ये झेंडा पेपर नॅपकिनवर छापू नये असंही आहे, आणि जूनमध्ये कुठल्याही दुकानात शिरा, तोंड पुसायला झेंडेच झेंडे. मोडलं तर शिक्षा नाही, पण आपण तिरंगा जपत मोठे झालो, मला काही त्याने हात पुसवत नाहीत. मी साधे लाल, पांढरे, निळे नॅपकिन आणते.

आणि परक्यांचा सण आपण का करायचा असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १८९८ साली स्वामी विवेकानंद काश्मीरला होते, बरोबर अमेरिकन शिष्या होत्या. ४ जुलैला त्यांना न सांगता स्वामीजींनी तिथल्या शिंप्याकडून अमेरिकेचा झेंडा शिवून घेतला (ओबडधोबडच झाला होता म्हणे), हाऊसबोट हिरव्या फांद्यांनी सजवली, चहा ठेवला आणि त्या दिवसावर स्वतः केलेली कविता ऐकवली. पुढे १९०२ ला ते गेले तेही ४ जुलैलाच. शेजाऱ्यांशी बोलायला विषय लागतोच, हा सांगा, शिवाय तुमचे आणि आमचे साहेब एकच, तुम्ही १७१ वर्षं आधी सुटलात, यावर हमखास हसतात.

फटाके. इथे दिवाळीची हौस भागवायला जाऊ नका. न्यू जर्सीत फुलबाज्या, सापाच्या गोळ्या असलं किरकोळच चालतं, तेही विकत घ्यायला वय १६ पूर्ण हवं. आवाजाचे किंवा आकाशात उडणारे बेकायदा. पेनसिल्व्हेनियात ते मिळतात, म्हणून लोक पूल ओलांडून डिकीत भरून आणतात आणि तो शहाणपणा ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मुळीच करू नये. मॅसॅच्युसेट्सला असाल तर फुलबाजीसुद्धा नाही. फुलबाजीचं टोक साधारण दोन हजार फॅरनहाइटला जळतं, पाण्याची बादली जवळ ठेवा, विझलेल्या काड्या त्यातच. खरी आतषबाजी टाऊनशिपची बघा, सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, सव्वानऊ-साडेनऊला सुरू होते. काही गावं ती २ किंवा ३ तारखेलाच उरकतात, वेबसाइटवर आधी बघून ठेवा, आम्ही एकदा चटया घेऊन अंधाऱ्या मैदानात तासभर बसलो होतो.

रात्री झोपायच्या आधी पोरांच्या गुडघ्यांच्या मागे, कानांमागे, केसांत गोचीड बघा, गवतात लोळलेली असतात आणि आमच्या भागात लाइम डिसीज (गोचीड चावून होणारा आजार) चांगलाच आहे. कोळसा वापरला असेल तर तो पूर्ण गार झाल्याशिवाय प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

आणि भरलेला जास्तीचा टँक आत्ताच आणून ठेवा. ३ तारखेला संध्याकाळी दुकानाबाहेरचे पिंजरे रिकामे असतात.